सदतीस पदांची राजकन्या

अडुसष्ट वर्षांच्या माणसाला, आणि तोही आपला घरमालक असताना, "तुम्ही आता सोळा वर्षांची राजकन्या शोभत नाही" हे कसं सांगायचं, याचं प्रशिक्षण कृषी खात्यात देत नाहीत. सुपारीवर कोळेरोग आला तर काय फवारायचं ते शिकवतात. संगीत नाटकाचा रोग लागलेल्या माणसावर बोर्डो मिश्रण चालत नाही. मी सहा वर्षं अशा माणसाच्या वाडीत दोन खोल्या घेऊन राहिलो, आणि आज इतक्या लांब बदली होऊन आल्यावरही कुणी पेटीच्या भात्याला हात घातला की मी चपला शोधायला लागतो.

चूक माझीच होती. श्रीवर्धनपासून एसटीने अर्ध्या तासावरचं ते गाव. मी खोली बघायला गेलो तेव्हा अण्णांनी मला ना जात विचारली, ना मासे खाता का विचारलं. त्यांनी विचारलं, "संगीत नाटकं आवडतात का?" मी आयुष्यात एकही संगीत नाटक अख्खं पाहिलेलं नव्हतं. पण खोलीला वारा चांगला होता, विहिरीचं पाणी गोड होतं, म्हणून मी म्हटलं, "आवडतात म्हणजे काय, जीव की प्राण!" त्याच संध्याकाळी मी गावच्या नाट्यमंडळाचा सभासद झालो. दुसऱ्या वर्षी चिटणीस झालो, कारण सभेचं टिपण लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. एका खोट्याची एवढी शिक्षा कुठल्याही कोर्टाने दिली नसती.

मंडळाचं नाटक एकच. ग्रामदेवीच्या उत्सवात, चैत्री पौर्णिमेला, दरवर्षी तेच. गावातल्याच कुणा तलाठ्याने फार पूर्वी लिहिलेलं, कुठे छापलेलं नाही, वहीची एकच प्रत आणि ती अण्णांच्या ट्रंकेत. गोष्ट एवढीच, की राजपुत्र समुद्रावर जातो, राजकन्या वाट बघते, तो सुपारीच्या व्यापाऱ्याच्या वेशात परत येतो, ती त्याला ओळखत नाही आणि मग ओळखते. हे सांगायला त्या तलाठ्याला सदतीस पदं लागली आहेत. त्यातली एकवीस राजकन्येची. अण्णा वयाच्या तेविसाव्या वर्षी राजकन्या झाले ते झालेच. पूर्वी सगळ्याच बायकांच्या भूमिका पुरुष करायचे. पुढे अंगणवाडीच्या बाई सखी झाल्या, सरपंचांची बहीण राणी झाली, सगळ्या भूमिका बायकांकडे गेल्या. राजकन्या तेवढी अण्णांकडे राहिली. मंडळाचा नियमच तसा होता. गुढीपाडव्याला पहाटे देवीपुढे ज्याने ज्या भूमिकेचा नारळ ठेवला, त्या वर्षी ती भूमिका त्याची. एकदा नारळ पडला की त्या भूमिकेवर दुसऱ्याने नारळ ठेवायचा नाही. आणि देवळाचं दार उघडायच्या आधीपासून अण्णा पायरीवर बसलेले असायचे.

महिनाभर आधी ते मिशी काढायचे. एरवी त्यांची मिशी चांगली भरघोस, पोलीसपाटलाला शोभेल अशी. ती गेली की दुकानदार म्हणायचे, "उत्सव आला वाटतं." त्या महिन्यात अण्णा सुपारी सोलायचे नाहीत, कारण हात खरखरीत होतात. मग काकू सोलायच्या. विहिरीवरून पाणी ओढायचे नाहीत, कारण खांदे रुंद होतात. मग काकू ओढायच्या. वाडीतून चालताना ते राजकन्येची चाल चालायचे, आणि खाली पडलेली सुपारी उचलायची झाली तर गुडघे मिटवून, एका बाजूला झुकून, दोन बोटांनी उचलायचे. मी कामाला लागलो त्या वर्षी सुपारीवाल्या बागायतदारांना घेऊन त्यांची बाग दाखवायला गेलो होतो, तेव्हा ते सगळे हे दृश्य बघून थबकले. मी म्हटलं, कंबरेचं दुखणं आहे.

त्यांच्या घरी टीव्हीसमोर बसणं ही तर शुद्ध सजा होती. जुने गाण्यांचे चित्रपट ते रोज दुपारी लावायचे. रिमोट त्यांच्या हातात. गद्य आलं की पुढे पळवायचे. "गद्य हे पदांच्या मधे श्वास घ्यायला असतं. आपला श्वास घेऊन झालाय." असं म्हणून सगळे संवाद सुर्रकन पुढे. एक काळा-पांढरा चित्रपट त्यांनी माझ्या देखत पंचवीस-तीस वेळा बघितला असेल, आणि एके दिवशी सुपारी कातरता कातरता मला विचारतात, "अहो साहेब, ह्यातली ती दुसरी बाई कोण हो? बहीण की वहिनी?" ती नायकाची आई होती.

आणि गाणं चालू असताना टीव्हीशी भांडण. "बघा, बघा. ओठ हिचे, गळा भलतीचाच! उसना गळा! माणसाने उसनी साखर आणावी, गळा आणू नये." पडद्यावरची एकही नटी स्वतः गात नाही याचा त्यांना असा राग यायचा, जणू त्या बाईने त्यांच्याच घरी येऊन फसवणूक केली आहे. पुतण्याने एकदा मोबाइलवर परदेशातली गाण्यांची नाटकं दाखवली. एक अक्षर कळत नव्हतं, पण अण्णा खूश. "गोऱ्यांचं बाकी काही असो, स्वतः गातात!"

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने यादी लिहिलेली होती. आवडती दहा, पाच रंगमंचावरची आणि पाच पडद्यावरची. क्रमांक दर आठवड्याला बदलायचे, पहिला सोडून. पहिलं अर्थातच तलाठ्याचं नाटक. घरात येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची यादी द्यावी लागायची. वीजमीटर बघायला आलेला माणूस, पोलिओचे डोस द्यायला आलेल्या बाई, कुणीही. एकदा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार हात जोडून ओटीवर आला. अण्णा म्हणाले, "पाच सांगा." तो बिचारा म्हणाला, "रस्ता, पाणी, गटार, दिवाबत्ती..." आणि पाचवं आठवेना. अण्णांनी आत बघून हाक मारली, "अगं, ह्यांना चहा नको." तो माणूस सात मतांनी पडला, आणि आमच्या घरातली मतं होती चार. तो हिशेब तो अजून करत असेल.

हे सगळं मी सोसलं. भाडेकरूने मालकाचं सोसायचंच असतं. पण माझ्या पाचव्या वर्षीच्या उत्सवात गोष्ट हाताबाहेर गेली.

त्या वर्षी राजपुत्र झाला होता मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला तरुण, वय सव्वीस. त्याने तालमीतच मला बाजूला घेऊन विनवलं होतं, "साहेब, माझ्या आजोबांच्या वयाच्या माणसाला मी 'हे कोमलांगी' कसं म्हणू? पोरं व्हिडिओ काढतात हो." प्रयोगात अण्णांचा आवाज तिसऱ्याच पदाला वरच्या सुरावर चिरकला. पुढे मूर्च्छेच्या प्रवेशात ते पडले ते छान पडले, पण उठता येईना. गुडघा धरला होता. राजपुत्राने एका बगलेत हात घातला, मी विंगेतून धावत जाऊन दुसऱ्या बगलेत घातला, आणि कृषी सहायक व राजपुत्राने मिळून राजकन्या उभी केली. पुढच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ आठवडाभर फिरत होता. अण्णांनी तो बघितला आणि म्हणाले, "पडलो बघा कसा. ही पडण्याची नजाकत आता कुणाकडे राहिली नाही." मी हात टेकले.

सभेत ठरलं, पुढच्या वर्षी राजकन्या बदलायची. अध्यक्षांचं समुद्राजवळ छोटं लॉज होतं, त्यामुळे कुणाला नाराज न करता बोलण्याची त्यांना सवय. ते म्हणाले, "सांगायला हवं. चिटणीस तिथेच राहतात. त्यांनी सांगावं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि राजकन्या कोण होणार, हे मला एकट्यालाच माहीत होतं. माझ्या रोजच्या सकाळच्या गाडीवरच्या कंडक्टरबाई. वय तिशीच्या आसपास, माहेर आमच्याच गावच्या वर, डोंगरातल्या भातशेतीच्या गावात. शेवटच्या दोन स्टॉपांना गाडीत मी आणि दोन-तीन दूधवाले उरायचो, तेव्हा त्या खिडकीपाशी उभ्या राहून गुणगुणायच्या. एकदा कान देऊन ऐकलं तर तलाठ्याचं एकोणिसावं पद. ते पद गावाबाहेर कुणाला येण्याची शक्यताच नव्हती. मी विचारलं, तर हसल्या.

"ल्हान व्हती तवापासून बघते, साहेब. बाप खांद्यावर बसवून आनायचा, पयल्या रांगेत. सगली पदं पाठ हायत. अण्णांचीबी, राजपुत्राचीबी."

"मग कधी केलं का नाहीत?"

"कोन देतंय? राजकन्येचा नारळ अण्णांचा." मग तिकिटांची पेटी खांद्यावर सारून त्या म्हणाल्या, "आनि आता तं हे शेवटचं वरीस. बदलीचा अर्ज मंजूर झालाय. मालक पनवेलला कामाला हाय, पुढल्या जूनमधी पोरीला घेऊन तिकडंच जायाचं. एकदा तरी त्या मांडवात उभं राहून गायाचं व्हतं, बस."

आवाज कसा होता म्हणाल, तर रोज भरलेल्या गाडीत गावांची नावं ओरडून ओरडून तो मोकळा झालेला होता. वरच्या सुराला जाताना त्याला जिना चढावा लागत नव्हता. मी त्या सकाळी गाडीत, दूधवाल्यांच्या साक्षीने, शब्द दिला. म्हटलं, या वर्षी तुम्हीच राजकन्या. मी देणारा कोण, हा विचार स्टॉपवर उतरल्यावर आला.

मग सुरू झाले माझे प्रयत्न. पहिल्यांदा मी विषय काढला तेव्हा अण्णा आरशापुढे भुवया कोरत होते. "धरा जरा आरसा," म्हणाले. मी आरसा धरला आणि म्हटलं, "अण्णा, वय सगळ्यांचं होतं." ते म्हणाले, "होतं ना. तो राजपुत्र सव्वीसचा झाला तरी त्याला अजून ताल कळत नाही." दुसऱ्यांदा मी तरुण पिढीला संधी, परंपरा पुढे जायला हवी, वगैरे व्याख्यान दिलं. त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "हे गद्य कुठल्या नाटकातलं?" शेवटी मी काकूंना गाठलं. काकू सुपारी सोलत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं सांगतेय, जेवताना मीठ वरून घेऊ नका. तुमचं ऐकतील होय?"

माघात देवीलाच दया आली असावी. अण्णांचा घसा बसला तो सुटेचना. माणगावच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, गळ्यात गाठ आली आहे, गाणाऱ्यांना येते तशी, भिण्यासारखं नाही, पण तीन महिने गाणं बंद, बोलणंही बंद. मी गाडीत त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि, खरं सांगायचं तर, मनातून हलका झालो होतो. उत्सव दोन महिन्यांवर होता.

आता गप्प बसलेला माणूस निरुपद्रवी असतो असं तुम्हाला वाटेल. अण्णांनी नातवाची पाटी घेतली. तिच्यावर लिहायचे, टिचक्या वाजवून बोलवायचे, आणि वाचायला उशीर झाला की पाटीवर पेन्सिलीने टकटक करायचे. बोलत होते तेव्हा निदान पाठ फिरवता यायची. आता उठून जवळ जावं लागायचं, आणि जवळ गेल्यावर पाटीवर लिहिलेलं असायचं, 'तुमच्या चपला आवाज करतात.'

पाडव्याला कंडक्टरबाई पहिली पाळी बदलून आल्या. नवी हिरवी साडी, हातात पानाचा विडा आणि नारळ. मी पायरीवर उभा होतो. आम्ही दोघं आत गेलो. देवीपुढे ओळीने नारळ मांडलेले होते, आणि सगळ्यांत पहिला, कुंकवाची नेहमीची तीन बोटं ओढलेला, अण्णांचा होता. गाता येत नाही, बोलता येत नाही, आणि नारळ ठेवून मोकळे!

बाईंनी ती तीन बोटं बघितली. मग आपला नारळ त्यांनी ओळीत न ठेवता बाजूला, नवसाच्या ताटात ठेवला.

"देवीला दिला," त्या म्हणाल्या. "देवी काय, कुनाचाबी घेते." आणि बाहेर जाऊन त्यांनी पदर खोचला आणि दुपारच्या गाडीच्या ड्युटीवर निघून गेल्या.

मी घरी आलो तो तणतणतच. अण्णा ओटीवर बसले होते. भाडेकरूपण, वय, मान, सगळं विसरून मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही राजकन्या शोभत नाही!"

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'माहीत आहे.'

मी गार पडलो. एवढं सोपं होतं, आणि मी वर्षभर भुवया कोरायचा आरसा धरत बसलो होतो. पण त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, 'शोभायचं नसतं. गायचं असतं.'

"मग गाणार कोण?"

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि वाडीत निघून गेले.

तोडगा काढला अध्यक्षांनी. कुणीच नाराज होऊ नये असा, म्हणजे सगळ्यांनाच लाज वाटावी असा. नारळ अण्णांचा आहे, तेव्हा राजकन्या अण्णाच. मांडवात ते उभे राहतील, ओठ हलवतील. गातील कंडक्टरबाई, विंगेत, माईकवर. मला वाटलं, अण्णा पाटी फोडतील. आयुष्यभर ज्या उसन्या गळ्याला शिव्या घातल्या, तोच! ते दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी पाटीवर लिहून दिलं, 'चालेल. पण शिकवून घेईन.'

मला इतका संताप आला की मी त्यांच्याशी तीन दिवस बोललो नाही. ते तसेही बोलत नव्हतेच, त्यामुळे त्यांना ते कळलं नाही. बाईंना मी सांगायला गेलो तेव्हा माझी मान वर होईना. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, साहेब. तोंड दिसंना तं दिसंना. आवाज तरी मांडवात जाईल."

उत्सवापर्यंतचे दहा दिवस त्या ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच वाडीत यायच्या. पेटीवाले यायचे. आणि मुका माणूस गाणं शिकवायला लागायचा. हातवारे, टिचक्या, मांडीवर ताल, पाटीवर ठोकाठोक. चुकलं की पाटी हवेत. विशेषतः एकोणतिसाव्या पदासाठी त्यांनी आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. त्यात राजकन्या किनाऱ्यावर उभी राहून येणारी गलबतं मोजते. तिसरी ओळ लांबलचक आहे, आणि अण्णांचं म्हणणं ती एका श्वासात यायला हवी, कारण श्वास घेतला तर मोजणं चुकतं. बाई दर वेळी मधेच श्वास घ्यायच्या. अण्णा पोटावर हात ठेवून दाखवायचे, 'इथून.' मग त्यांना चालायला लावायचे, मान वळवायला लावायचे, पदर कसा धरायचा ते दाखवायचे.

"अण्णा," मी एकदा न राहवून म्हटलं, "ह्या विंगेत उभ्या राहणार आहेत. ह्यांना चाल कशाला?"

पाटीवर, 'गाणं पायातून येतं.'

बाई घाम पुसत म्हणाल्या, "पायातून नगं, अण्णा. पाय दिवसभर गाडीत उभे असतात. दुसरीकडून कुठून येत असंल तं बघा." अण्णा हसले नाहीत. पुन्हा पहिल्या ओळीपासून, अशी खूण केली.

उत्सवाचा दिवस आला. दहाला भोंगा बंद करावा लागतो म्हणून आम्ही नाटक साडेपाचला, उन्हं उतरायच्या आधीच सुरू करतो. अण्णा दुपारी एकलाच रंगायला बसले. नऊवारी, नथ, बाजूबंद, लाखेच्या बांगड्या. बाई सव्वापाचला धापा टाकत आल्या, गाडी वाटेत अडकली होती. कपडे बदलायलाही वेळ नव्हता. तशाच खाकीत विंगेतल्या गुंडाळलेल्या पडद्यामागे त्यांना उभं केलं आणि हातात माईक दिला. "इथं पडद्याआड चोरासारखी उभी ऱ्हाते," म्हणाल्या. घाबरल्या होत्या.

आणि पहिला अंक काय रंगला म्हणून सांगू! तो आवाज मांडवातून बाहेर, नारळीच्या वरपर्यंत जात होता. पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या विसरली. पहिल्याच पदाला वन्समोअर. अण्णा मान तिरकी करून, डोळे खाली करून, ती दाद हजर असलेल्या प्रत्येकाकडून स्वीकारत होते. गळा दुसरीचा, टाळ्या ह्यांच्या! मध्यंतरात गावातल्या चार म्हाताऱ्यांनी येऊन त्यांची दृष्ट काढली. "गळा सुटला हो अण्णा!" अण्णांनी हात जोडले. नाही म्हणून मान हलवली नाही. पडद्यामागे बाई पाणी पीत होत्या. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. त्या क्षणी कुणी मला विचारलं असतं, तर मी त्याच पावली खोली सोडली असती.

दुसऱ्या अंकात एकोणतिसावं पद आलं. अण्णा किनाऱ्यावर उभे. किनारा म्हणजे निळं कापड आणि दोन दगड. बाई गायला लागल्या. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरी ओळ सुरू झाली, आणि मधोमध त्यांनी श्वास घेतला.

अण्णांचे ओठ थांबले. ते गर्रकन वळले. प्रेक्षकांकडे पाठ, विंगेकडे तोंड, आणि हात हवेत. पोटावर थाप मारून दाखवताहेत, 'इथून! इथून!' आपण राजकन्या आहोत, मांडवात सहाशे माणूस बसलं आहे, सगळं विसरले. लोक हसायला लागले. बाईंनी गोंधळून पुन्हा ओळ घेतली, पुन्हा तिथेच श्वास. मग अण्णा रागाने लाल होऊन, राजकन्येची चाल वगैरे सोडून, ढांगा टाकत विंगेत घुसले, पडदा बाजूला फेकला, बाईंना मनगटाला धरून खेचत बाहेर आणलं, आणि दोन दगडांच्या मधोमध, जिथे ते पंचेचाळीस वर्षं उभे राहत आले होते, तिथे उभं केलं. त्यांचे खांदे धरून मागे केले. हनुवटी वर केली. आणि बोट दाखवलं, 'आता.'

मागची माणसं बघायला उभी राहिली. समोर खाकी कपड्यांतली एसटीची कंडक्टर, शेजारी नथ घातलेला म्हातारा. बाईंनी एकदा समोर बघितलं. पहिली रांग बघितली. आणि ती ओळ घेतली. एका श्वासात, शेवटच्या गलबतापर्यंत.

शेवटचा सूर संपल्यावर वन्समोअरचा असा गलका झाला की देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली. बाईंनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी एक बोट वर केलं. म्हणजे एकदाच. लोकांच्या आग्रहापुढेही शिस्त सोडायला तयार नाहीत!

दुसऱ्यांदा पद झालं, आणि प्रवेशाप्रमाणे व्यापाऱ्याच्या वेशातला राजपुत्र आला. समोर दोन राजकन्या. 'हे कोमलांगी' हे त्याचं वाक्य. तो कावराबावरा होऊन एकदा इकडे बघतोय, एकदा तिकडे. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, मग बाईंकडे. आणि तेव्हा बहुधा त्यांच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. दोन दगडांच्या मधे एकाच माणसापुरती जागा होती. ते वळले आणि गुडघा सांभाळत, पाय ओढत विंगेत आले. राजपुत्र बाईंकडे वळून म्हणाला, "हे कोमलांगी," आणि कुणी हसलं नाही.

मी विंगेतच उभा होतो. जे व्हावं म्हणून मी वर्षभर धडपडलो ते झालं होतं, आणि माझ्याने अण्णांच्या तोंडाकडे बघवेना. ते खुर्चीवर बसले. रंग घामाने ओघळत होता.

प्रवेश संपला. बाई आत आल्या. तेवढ्यात मागच्या बाजूने काकू आल्या. दरवर्षी शेवटच्या पदांच्या आधी त्या राजकन्येसाठी हळद-सुंठीचं गरम दूध आणतात, पितळेच्या पेल्यात, पदराने धरून. दिवसभर मंडळाचं जेवण रांधण्यात असतात, नाटक त्यांनी कधी समोरून बघितलेलं नाही, पण ऐकून सगळं कळतं. अण्णांनी न बघताच हात पुढे केला. काकू त्यांच्यावरून पुढे गेल्या आणि पेला बाईंच्या हातात दिला.

"घे गं. फुंकून पी. अजून आठ पदं आहेत."

अण्णांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने एकेक बांगडी उतरवायला लागले. सगळ्या उतरवून झाल्यावर त्या माझ्यापुढे धरल्या आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा, फुटक्या, खरखरीत आवाजात बोलले.

"हिच्या हातात घाला. आणि डाव्या हातात एक जास्त. पुढच्या पदात तो हात वर जातो."